हयातीचा महिना

नोव्हेंबर उजाडला की शाखेच्या पायऱ्यांवर काठ्यांची टकटक सुरू व्हायची. पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला यायची. मी छत्तीस वर्षं सरकारी बँकेत काढली, त्यातली निम्मी खेड्यापाड्यांच्या शाखांत. तासगावकडच्या एका शाखेत असताना एक आजी आल्या. फॅमिली पेन्शन घ्यायच्या. पुस्तकावरचा फोटो वीसेक वर्षांपूर्वीचा, चेहरा काही केल्या जुळेना. मी म्हटलं, "आजी, नवा फोटो काढून आणा, मग दाखला घेतो."

"आवं सायेब, मी हितं तुमच्या म्होरं बसलीया न्हवं?"

"बसलाय, पण कागद लागतो."

"मग त्या कागदालाच इचारा, म्हातारी जिती हाय का मेली."

सगळी शाखा हसली. मीही हसलो, आणि आजींना परत पाठवलं. फोटोसाठी तालुक्याला जाऊन यायचं म्हणजे त्यांचा अख्खा दिवस मोडला असणार. तेव्हा ते माझ्या मनातही आलं नाही.

आता मी काउंटरच्या पलीकडे आहे, आणि महिना नोव्हेंबरच आहे.

आम्ही दोघं उत्तर थायलंडमध्ये चिआंग माईला राहतो. २०२२च्या ऑगस्टपासून. का, हे नातेवाईक अजून विचारतात. कारणं फार थोर नाहीत. तिसऱ्या मजल्यावरचा बिनलिफ्टचा फ्लॅट, हिचे गुडघे, मुलगी सिंगापूरला, आणि तिथून इथे यायला थेट विमान. सिंगापुरात राहणं खिशाला परवडण्यातलं नव्हतं. इथे अंगण असलेलं बैठं घर भाड्याने मिळालं. फेब्रुवारी ते एप्रिल शेतं आणि डोंगर जळत असतात तेव्हा धुराने डोळे चुरचुरतात, त्या दिवसांत आम्ही मुलीकडे पळतो. बाकीचे नऊ महिने तक्रार नाही.

ज्याला सगळे रिटायरमेंट व्हिसा म्हणतात तो खरं तर व्हिसा नाहीच. मूळ व्हिसा नव्वद दिवसांचा, आणि त्यावर दरवर्षी मुक्कामाची वर्षभराची मुदतवाढ. वय किमान पन्नास हवं आणि थाई बँकेत तुमच्या नावावर आठ लाख बाट हवेत, किंवा दरमहा पासष्ट हजार बाट उत्पन्न. आम्ही पैसे पाठवले तेव्हाच्या दराने ते सतरा-अठरा लाख रुपये होते, २०२४च्या नोव्हेंबरात वीसच्या आसपास. टीसीएस, म्हणजे परदेशी पाठवलेल्या पैशांवर बँक आगाऊ वसूल करते तो कर, कमी बसावा म्हणून काही माझ्या खात्यातून, काही हिच्या. ही रक्कम अर्जाच्या आधी दोन महिने आणि नंतर तीन महिने जागची हलवायची नाही. पुढे वर्षभर चार लाखांच्या खाली जाऊ द्यायची नाही. जन्म ठेवींत गेलेल्या माणसाला याचं दुःख काय सांगावं! घरी सीनियर सिटिझनला अर्धा टक्का जास्त मिळाला असता. इथे ते पैसे पाळण्यातल्या बाळासारखे झोपून असतात, आणि आम्ही पाय न वाजवता त्यांच्या आजूबाजूने फिरतो.

थाई भाषेनं मात्र मला पहिल्याच अर्जाच्या वेळी खूश केलं. बँकेला ते थनाखान म्हणतात, म्हणजे आपलं धनागार. परवानगीला अनुयात, म्हणजे अनुज्ञात. पाट्यांवर "कृपया"च्या जागी "करुणा" असते. आणि निवृत्तीला शब्द आहे कासिअन आयु. यातलं आयु कळलं होतं. कासिअन म्हणजे काय ते एका मास्तरांनी सांगितलं. तो संस्कृतातला क्षीण! क्षीण झालेलं आयु. साठाव्या वाढदिवसाला सहकाऱ्यांनी मला शाल-श्रीफळ दिलं, भाषणं केली, 'दुसरी इनिंग' वगैरे म्हणाले. खरं काय ते थाई लोकांनी एका शब्दात सांगितलं.

त्यांचं सालही वेगळं. बुद्धाब्द. आपल्या सनात पाचशे त्रेचाळीस मिळवायचे. माझा जन्म १९६१चा, म्हणजे इथे २५०४चा. हिला हे फार आवडतं. "पंचवीसशे चार साली जन्मलेल्या माणसाच्या मानाने तुम्ही बरे टिकलात," असं ती लोकांसमोर म्हणते.

हिचा मुक्काम माझ्यावर अवलंबून. पत्नी म्हणून तिला वेगळे आठ लाख दाखवावे लागत नाहीत, पण ती पत्नी आहे हे दाखवावं लागतं. आणि तिथेच गाडी अडली होती. आमचं लग्न १९८६चं, सांगलीतलं. पुरावा म्हणून काय होतं? पत्रिका, अल्बम, आणि माहेरून आलेला पितळी घंगाळ. नोंदणी कोणी केली होती तेव्हा! २०२२च्या उन्हाळ्यात, लग्नाला छत्तीस वर्षं झाल्यावर, आम्ही दोघं विवाह नोंदणीच्या खिडकीपुढे उभे राहिलो. आतून आवाज आला, "वधू-वर आणि साक्षीदारच फक्त आत या, बाकीची गर्दी नको." वधूच्या गुडघ्याला पट्टा होता. साक्षीदार दादा, माझा थोरला भाऊ, वय अडुसष्ट. तो घरून पेढे घेऊन आला होता. अर्जावर सही करताना म्हणाला, "पहिल्या लग्नात पंगत वाढून कंबर मोडली होती. या लग्नात नुसती सही. मला हे लग्न पसंत आहे."

मग त्या दाखल्यावर शिक्क्यांची यात्रा. राज्याचा, दिल्लीला परराष्ट्र मंत्रालयाचा, थाई दूतावासाचा, मग थाई भाषांतर, त्यावर बँकॉकचा शिक्का. दाखल्याची मागची बाजू आता पोस्टातल्या पाकिटासारखी दिसते. अर्जाची झेरॉक्स, दादाच्या सहीची, कोणीच कधी मागितली नाही. पण ती फाइलमध्ये आहे, दाखल्याच्या मागे. काढायचं मनात येतं, काढत नाही.

या वर्षी, २०२४ला, मुदतवाढीचा दिवस आला १२ नोव्हेंबरला, मंगळवारी. मुदत संपायला दोन आठवडे होते. शेवटच्या महिन्यात कधीही जाता येतं, आणि मी मुद्दाम मंगळवार निवडला, कारण सोमवारी गर्दी असते. तारीख ठरवून झाल्यावर हिने स्वयंपाकघरातलं कालनिर्णय दाखवलं. कार्तिकी एकादशी.

"मग काय झालं? रांगेत बसूनच राहायचंय. उपास आपोआप घडेल."

"घडेल कशाला, मी खिचडी करते."

साबुदाण्याची इथे ददात नाही. टॅपिओकाचा देश आहे हा. बाजारात साकू म्हणून पांढरे, हिरवे, गुलाबी सगळ्या रंगांचे दाणे मिळतात. इथले लोक त्याची नारळाच्या दुधात खीर करतात. शेंगदाणे, मिरच्या, कोथिंबीर (मुळासकट, इथे मुळंच जास्त मोलाची), सगळं हाताशी. फक्त जिऱ्यासाठी भारतीय दुकान गाठावं लागतं. पहाटे साडेपाचला डबा भरला तेव्हा पंढरपुरात चार वाजले होते. चंद्रभागेच्या वाळवंटात लाखो माणसं दर्शनाच्या रांगेला लागली असणार. आमची रांग त्या मानाने बरीच आखूड.

तरी साडेसहाला पोचलो तेव्हा आमच्यापुढे तीसेक जण होते. इमिग्रेशनचं ऑफिस साडेआठला उघडतं. रांगेतली ही मंडळी मला आवडतात. अर्ध्या चड्डीवर आला म्हणून बायकोनं घरी पिटाळलेला आणि पॅंट घालून परत आलेला जर्मन. एकमेकांशी चकार शब्द न बोलणारं जपानी जोडपं, पण कागद असे लावलेले की माझ्या ऑडिटरने पाया पडावं. एक वृद्ध इंग्रज दरवर्षी भेटतो. त्याचं दरवर्षीचं रडगाणंही तेच. पूर्वी त्याचा दूतावास उत्पन्नाचं पत्र द्यायचा, २०१९पासून ते बंद झालं. अमेरिकन आणि ऑस्ट्रेलियन लोकांचंही तसंच. तेव्हापासून त्याचेही आठ लाख झोपून आहेत. "घराचं छप्पर गळतंय," तो म्हणाला, "आणि दुरुस्तीचे पैसे बँकेत आहेत. बघायला मिळतात, वापरायला नाही." मी त्याला खिचडी दिली. त्याने चमच्याने उचलून बराच वेळ निरखली आणि विचारलं, "हे माशांचे डोळे आहेत का?"

त्या दिवशी रांगेत भारतीय आम्ही दोघंच. भारतीय माणसाला इथे खॅक म्हणतात. गोऱ्याला फरांग, आपल्याला खॅक. शब्दाचा अर्थ पाहुणा. कोण कोणत्या सुरात म्हणतं त्यावर त्याचा गोडवा अवलंबून असतो. बाजारातली भाजीवाली म्हणते तेव्हा मायेचा असतो, टॅक्सीवाला दुसऱ्या टॅक्सीवाल्याला सांगतो तेव्हा तितकासा नसतो. मला त्यात राग येण्यासारखं काही वाटत नाही. पाहुणा तर मी आहेच. फक्त आपल्याकडच्या पाहुण्याला "कधी निघणार" असं तोंडावर विचारत नाहीत. इथे ती तारीख पासपोर्टात छापून देतात, आणि त्यापुढे एक दिवस राहिलात तर पाचशे बाट. मला यात एक प्रकारचा सरळपणा वाटतो. हिला वाटत नाही.

आदल्या दिवशी मी बँकेचं पत्र आणून ठेवलं होतं. पासबुकात त्याच दिवसाची नोंद हवी म्हणून सोमवारी शंभर बाट भरले होते. काउंटरवर गेल्यावर लक्षात आलं की अर्ज मंगळवारी आहे, नोंद सोमवारची. म्हणजे छत्तीस वर्षं ज्याने दुसऱ्यांच्या तारखा तपासल्या, त्याने स्वतःची चुकवली. काउंटरवरच्या मुलीने (मुलगीच, माझ्या लेकीपेक्षा लहान) पासबुक माझ्याकडे वळवलं, तारखेवर पेन टेकवलं आणि म्हणाली, "करुणा." पुढचं मला समजलं नाही, पण समजायची गरज नव्हती. हेच मीही हजारदा केलं होतं, तेच पेन टेकवणं, तीच मान वाकडी करणं. फक्त "करुणा" हा शब्द मी कधी वापरला नव्हता.

पैसे भरायचं मशीन जवळच्या दुकानापाशी होतं. पळत गेलो. शंभर बाट भरले, पासबुक छापून आणलं, त्या पानाची झेरॉक्स काढली. परत आलो तर हिने माझी जागा धरून ठेवली होती आणि त्या मुलीला मोबाइलवर नातीचे फोटो दाखवत होती. भाषा कुठली चालली होती देव जाणे.

मग सह्या. पासपोर्टाची प्रत्येक झेरॉक्स, पासबुकाचं प्रत्येक पान, भाडेकरार, घराचा नकाशा, घरमालकाने आमची नोंद केल्याची पावती, मुदतीपुढे राहिलो तर काय शिक्षा होते ते मला कळलंय असं सांगणारा कागद. प्रत्येकावर निळ्या शाईने सही. तिसाव्या सहीला माझं आडनाव वितळायला लागलं. एका पानावर तिने बोट ठेवलं, पासपोर्टातली सही दाखवली, आणि दुसरं कोरं पान पुढे केलं. सही जुळत नव्हती.

बँकेत "सही जुळत नाही" या तीन शब्दांनी मी किती म्हाताऱ्यांचे हात आणखी थरथरायला लावले असतील. कंप आलेल्या हाताला "जरा नीट करा" सांगितलं की सही आणखी बिघडते, हे प्रत्येक कॅशियरला माहीत असतं. मी श्वास घेतला, १९८५ साली नोकरीला लागताना जशी केली होती तशी सही आठवली, आणि हळूहळू, शाळेतल्या पोरासारखी, काढली. जुळली.

कॅमेऱ्यात फोटो काढला. प्रत्येकी एकोणीसशे बाट भरले. थोडा वेळ बसायला सांगितलं. शिक्का पडला. हे सगळं मी लांबवून सांगतोय, प्रत्यक्षात साडेअकराच्या आत मोकळे झालो. लोक एजंटला पैसे देऊन हे करून घेतात. मला स्वतः करायला आवडतं. आयुष्यभर कागद मागितले, आता थोडे द्यावेत.

पण खरं काम अजून बाकी होतं, आणि त्याबद्दल आम्ही दोघंही सकाळपासून बोललो नव्हतो.

ही जी वर्षाची मुदत मिळते, ती देश सोडला की मरते. बाहेर जाऊन परत यायचं असेल तर री-एंट्री परमिट आधी घ्यावं लागतं. एकदाच जायचं असेल तर एक हजार बाट, वर्षभरात कितीही वेळा जायचं असेल तर तीन हजार आठशे. २०२३ला मी हिशेब केला होता. डिसेंबरात पुतण्याचं लग्न, तेवढंच जायचं होतं. मुलीकडे त्या वर्षी जाणार नव्हतो, तीच येणार होती. मग दोघांचे मिळून जास्तीचे पाच हजार सहाशे बाट कशाला घालवायचे? एकेरी घेतलं. लग्नाला जाऊन आलो. दादा मांडवात खुर्ची टाकून बसला होता, येणाऱ्या-जाणाऱ्याला "माझ्या भावाचं दोनदा लग्न झालंय, बायको तीच" असं सांगत.

जानेवारीतल्या एका शनिवारी पहाटे साडेचारला फोन वाजला. सांगलीत तेव्हा तीन वाजले असतील. पुतण्याचा आवाज ऐकल्यावर पुढचं सांगायची गरज नव्हती. मी पलंगावर बसून राहिलो. हिने दिवा लावला, पाणी आणून दिलं, कपाटातून बॅग काढली. आणि मग हळूच विचारलं, "अहो, री-एंट्री आहे ना?"

नव्हती. वापरून झाली होती. शनिवार-रविवार ऑफिस बंद. परमिटशिवाय गेलो तर झोपलेले आठ लाख, शिक्क्यांनी भरलेला दाखला, सगळं पहिल्यापासून. मी थांबलो. सोमवारी सकाळी रांगेत पहिला होतो. सोमवारी रात्री बँकॉकहून मुंबईचं विमान, मंगळवारी संध्याकाळी सांगली. दादाला शनिवारी दुपारीच नेलं होतं. अस्थीही कृष्णेत गेल्या होत्या. वहिनी मला बघून काही बोलल्या नाहीत. पुतण्या म्हणाला, "काका, दहाव्याला तरी आहात ना, झालं." त्याने समजूत घातली, पण त्या "तरी"चा आवाज मला अजून ऐकू येतो.

परत येताना बँकॉकच्या विमानतळावर कळलं की हे परमिट तिथेही मिळतं, निघणाऱ्या प्रवाशांसाठी काउंटर आहे. मी शनिवारीच निघू शकलो असतो. नियमांचं पुस्तक पाठ असल्याची मला फार घमेंड होती. बरोबर ते एक पान वाचायचं राहिलं होतं.

तर या वेळी दुसऱ्या काउंटरवर मी दोन फॉर्म भरले. "अनेक वेळा" या चौकोनात खूण केली, दोन्हींवर. सात हजार सहाशे बाट मोजून दिले. ही शेजारी उभी होती. एरवी माझ्या प्रत्येक खर्चावर तिचं काहीतरी म्हणणं असतं. पावती घडी घालून तिने स्वतःच्या पर्समध्ये ठेवली, माझ्या फाइलमध्ये नाही.

घरी येताना बाजारात थांबलो. दुसऱ्या दिवशीपासून तुळशीची लग्नं. इथे तुळस शोधावी लागत नाही, भाजीवाल्यांकडे जुड्यांनी मिळते, कारण तिची ते मांसाबरोबर परतून भाजी करतात. काफ्राव. पहिल्यांदा एका हॉटेलात ही भाजी समोर आली, ताटातला डुकराचा खिमा आणि त्यात आपली तुळस ओळखू आली, तेव्हा हिने ताट सरकवून देवाची क्षमा मागितली होती. आता सवय झालीय. रोपवाल्याने विचारलं, "किती हवीत? डुकराबरोबर की कोंबडीबरोबर?" हिने तोडक्या थाईत सांगितलं, "लग्न आहे तिचं." त्याने रोप कागदात गुंडाळलं, आणि फारसं नवल न करता वरून एक झेंडूचा हार फुकट दिला.

संध्याकाळी माझ्या पेन्शनचंही काम उरकलं. हयातीच्या दाखल्यासाठी आता शाखेत जावं लागत नाही. फोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरला, सांगितलं तेव्हा डोळ्यांची उघडझाप केली. भारत सरकारला मी जिवंत असल्याचं कळलं. त्या आजींना हे मिळालं असतं तर त्यांनी फोनलाही दोन शब्द सुनावले असते.

शुक्रवारी पौर्णिमा. आपली त्रिपुरी, इथली लॉय क्राथोंग. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पिंग नदीला असा पूर आला होता की पाणी पाच मीटरच्या वर गेलं, बाजारपेठेत होड्या फिरल्या. अजून कित्येक दुकानांच्या भिंतींवर चिखलाची रेघ होती, कमरेच्याही वर. तरी सगळं गाव नदीवर लोटलं होतं. शेजारच्या 'पा'नं (पा म्हणजे मावशी, आम्ही तिला तेवढंच म्हणतो) केळीच्या खुंटाच्या चकतीवर पानाफुलांची नाव करून दिली होती, त्यात मेणबत्ती, उदबत्त्या. या नावा मे खोंगखा, म्हणजे गंगामाईच्या नावाने सोडतात, आणि वर्षभरात पाणी घाण केलं, मन घाण केलं, त्याची माफी मागतात. माफीला शब्द खमा.

'पा'नं दाखवलं तसं आम्ही नावेत एक-एक नाणं ठेवलं. ही म्हणाली, "दादांच्या नावानं सोडा."

पायऱ्या निसरड्या होत्या. मी वाकून नाव पाण्यात ठेवली, हाताने पाणी लोटलं. ती दोन हात गेली आणि पुराने आणलेल्या काटक्यांत अडकून जागेवर गोल फिरायला लागली. मेणबत्ती जळत होती. छातीभर पाण्यात पोरं उभी होती, डोक्याला टॉर्च बांधलेली. त्यातला एक जण आला, आधी नावेतली दोन्ही नाणी काढून तोंडात धरली, मग नाव काटक्यांतून सोडवून प्रवाहात ढकलून दिली.